जनुक पटलांना आकार ‘देते’ का?

प्रश्न असा आहे : ‘हे जनुक हरितलवकातील पटलांना आकार देते’ असे वाक्य एका लेखात वाचले. (हरितलवक म्हणजे वनस्पतीच्या पेशीतला प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा भाग, पटल म्हणजे त्यातला पातळ पडदा.) जनुकाला असा कर्ता करता येतो का? की ‘घडवते’ किंवा ‘नियंत्रित करते’ म्हणावे?

व्याकरणाची काही हरकत नाही. वारा दार ढकलतो, पाऊस माती वाहून नेतो. निर्जीव कर्ता मराठीला नवा नाही. अडचण अर्थाची आहे. लेखात ज्या प्रकारच्या जनुकाची गोष्ट असावी ते पटलाच्या आसपासही नसते. ते केंद्रकात असते. त्याच्या मजकुरावरून बाहेर पेशीद्रव्यात प्रथिन तयार होते, ते हरितलवकात शिरते आणि मग पटलाला वाकवते. काम प्रथिनाचे, तेव्हा सकर्मक क्रियापदही त्यालाच द्यावे.

कोणते क्रियापद, हे मात्र प्रयोगात काय दिसले त्यावर ठरते. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात कर्ट-१ गटाची चार प्रथिने आहेत. हरितलवकात थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात आणि जागोजागी त्यांची चळत लागलेली असते. चळतीच्या कडेला, जिथे पटल वळते, तिथे ही प्रथिने सापडतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की चारही प्रथिने नसली की चळती रुंद आणि बुटक्या होतात. यांतले एक प्रथिन जास्त बनवले की त्या अरुंद होतात आणि त्यांतले थर वाढतात. थायलॅकॉइड दोन्हीकडे असतातच. म्हणून इथे ‘घडवते’ म्हणणे फार झाले. ‘वाकवते’ नेमके. ‘नियंत्रित करते’ हे तर मला कुठेच आवडत नाही. काय होते ते माहीत नसतानाही ते वापरता येते. उलट विप-१ या प्रथिनाचे जनुक बिघडले तर थायलॅकॉइडच धड तयार होत नाहीत. तिथे ‘घडण’ हा शब्द शोभतो.

जनुकासाठी मराठीत एक फार सोयीचे क्रियापद आहे : लागणे. ‘थायलॅकॉइडच्या कडा वळायला हे जनुक लागते.’ जनुक काढून पाहिले, कडा नीट वळल्या नाहीत. प्रयोगाने एवढेच सांगितले आणि वाक्यही तेवढेच सांगते. फक्त कर्ता गाळू नका. ‘कडा वळायला लागतात’ म्हणजे वळू लागतात, आणि मग जनुकाची गोष्टच उरत नाही!

‘आकार देते’ हे साफ चूक म्हणणार नाही. शीर्षकात चालेल. मजकुरात कोणता आकार, कशाला, हे यायला हवे.

याच विषयावरच्या लेखांत आणखी एक घोटाळा होतो, तो नावांचा. वनस्पतींच्या पुष्कळ जनुकांची नावे ती बिघडल्यावर दिसणाऱ्या दोषावरून पडली आहेत. आरएचडी-३ या नावाचा विस्तार ‘मूलरोमातील दोष, क्रमांक ३’ असा होतो. हे जनुक बिघडले की मुळांवरचे रोम आखूड आणि नागमोडी होतात. कारण त्याचे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीत पसरलेल्या पटलांच्या जाळ्याच्या, नळ्या एकमेकींना जोडते. ते नसले की जाळ्याऐवजी फांद्या नसलेल्या जाड दोऱ्या दिसतात. ‘मूलरोमदोष जनुक’ असे भाषांतर केले, तर हे जनुक दोष निर्माण करते असे वाचणाऱ्याला वाटणार. नाव आहे तसे ठेवावे आणि काम वेगळे सांगावे.

त्यातही रोमन लिपीतली एक सोय आपल्याकडे नाही. ॲराबिडॉप्सिसच्या लेखनात शाबूत जनुकाचे नाव मोठ्या तिरक्या अक्षरांत, बिघडलेल्याचे लहान तिरक्या अक्षरांत आणि प्रथिनाचे मोठ्या सरळ अक्षरांत छापतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत. ‘कर्ट-१ नसलेले रोप’ म्हटले तर जनुक नाही की प्रथिन नाही, ते कळायला मार्ग नाही. तेव्हा नावाशेजारी ‘जनुक’, ‘प्रथिन’ किंवा ‘बिघडलेले जनुक’ हा शब्द दर वेळी लिहावा, कितीही पुनरुक्ती वाटली तरी.