कंपन्यांच्या आरोग्य कार्यक्रमांचा कर्मचाऱ्यांना आणि मालकांना खरोखर फायदा होतो का?

कर्मचाऱ्यांना थोडाफार होतो. मालकाचा पैसा वाचतो हा दावा मात्र काटेकोर चाचण्यांत टिकलेला नाही. आरोग्य अर्थशास्त्रज्ञ कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेऊन, अशा कार्यक्रमांवरील प्रत्येक डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर वाचतात, असे म्हटले होते. पुढे त्याच बेकर यांनी झिरुई साँग यांच्यासह अमेरिकेतील बीजेज या किरकोळ विक्रीच्या साखळीतील १६० पैकी २० ठिकाणे जणू चिठ्ठ्या टाकून निवडली आणि तेथे आहार, व्यायाम व ताणतणाव यांविषयीचा कार्यक्रम राबवला. दीड वर्षाने, नियमित व्यायाम करतो असे सांगणारे वाढले होते. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक नव्हता (निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले).

मग जुने आकडे इतके गोड का होते? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अशाच एका कार्यक्रमाची चाचणी झाली; तीत असे दिसले की, नाव नोंदवणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च मुळातच कमी होता; पहाटे पळायला जाणारा माणूसच वॉकेथॉनचा अर्ज आधी भरतो, आणि त्याच्या तब्येतीचे श्रेय कार्यक्रमाला मिळते.

उद्दिष्ट एकच आणि नेमके असेल, तर चित्र बदलते. जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना सिगारेट सोडण्यासाठी टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलरपर्यंत बक्षीस देऊ केले, त्यांच्यातील १४.७ टक्के लोकांनी ती वर्षभराच्या सुमारास सोडलेली होती. नुसती माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते.