पंच व्हायचंय? आधी खिशात सहा खडे ठेव

तू क्रिकेटचा पंच व्हायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. ४२ नियम वाच, पण परीक्षेची घाई नको. आधी एक मोसम ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर मुलांच्या सामन्यांना उभा राहा.

१. खिशात सहा खडे ठेव. चेंडू झाला की एक खडा दुसऱ्या खिशात. वाइड, नो-बॉलला खडा हलवायचा नाही. नवखे इथेच चुकतात आणि षटक पाच चेंडूंत संपतं.

२. पायचीतच्या अपीलवर लगेच बोट वर नको. टप्पा लेगस्टंपबाहेर, म्हणजे फलंदाजाच्या पाठीकडच्या यष्टीच्या बाहेर? नाबाद, विषय संपला. नाहीतर दोन श्वास घे, चेंडू मनात पुन्हा पाहा.

३. ओरडा ऐकून निर्णय फिरवू नकोस.

आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर १९८६मध्ये पाकिस्तानात तटस्थ, म्हणजे खेळणाऱ्या दोन्ही देशांबाहेरचे पंच म्हणून उभे राहिले होते. रविवारी टोपी घेऊन ये, स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला दुसरा पंच असतो तिथे, तुला उभा करतो.