वाचकांचे प्रश्न : अस्वलापासून तीनशे मीटरवर

प्रश्न : स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहाच्या किनाऱ्याने लहान बोटीतून वन्यप्राणी पाहण्याच्या सहलीला जाण्याचा माझा विचार आहे. मात्र ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर दूर राहावे लागते, असे वाचनात आले. इतक्या लांबून काय दिसणार, आणि मग सोबतच्या वाटाड्याचे काम तरी काय उरते?

उत्तर : आपण वाचलेली माहिती बरोबर आहे. नॉर्वेच्या सरकारने 1 जानेवारी 2025 पासून हा नियम लागू केला असून 1 मार्च ते 30 जून या काळात हे अंतर 500 मीटर असते. अस्वल त्याहून जवळ आढळल्यास बोटीनेच मागे सरायचे असते. वसंतात माद्या नवजात पिलांना घेऊन बर्फातल्या गुहेबाहेर पडतात आणि त्याच सुमारास खाडीच्या बर्फावर जन्मलेल्या सीलच्या पिलांची शिकार करून अस्वले अंगावर चरबी साठवतात. या दिवसांत वाया गेलेली एकेक शिकार त्यांना महागात पडते, म्हणून मला हा नियम जाचक न वाटता अत्यंत आवश्यक वाटतो.

लांबून काय दिसणार, या शंकेचे उत्तर अस्वलाच्या वागण्यातच आहे. ज्या अस्वलाला आपली चाहूल लागली आहे ते हातचे काम सोडून मान उंचावते, हवा हुंगते, आणि त्यानंतर आपण पाहतो ते केवळ आपल्याकडे पाहणारे अस्वल. चांगल्या दुर्बिणीतून 300 मीटरवरचे अस्वल किनारा हुंगत चालताना, पोहताना, पिलाची वाट पाहत थांबताना दिसते, आणि माझ्या मते खरे पाहणे तेच होय.

वाटाड्याचे काम या अंतरामुळे कमी होत नाही, उलट वाढते. शुभ्र बर्फावर अस्वल किंचित पिवळसर दिसते. तो ठिपका बोट बरीच दूर असतानाच हेरावा लागतो. हिमनदीच्या समुद्राकडील तोंडाशी किटीवेक पक्ष्यांचा थवा पाण्यावर घिरट्या घालत असेल, तर तेथे खाद्य वर आले आहे हे वाटाड्या ओळखतो : हिमनदीच्या तळातून बाहेर पडणारे वितळपाणी खारट पाण्याहून हलके असल्यामुळे उसळून वर येते आणि येताना सूक्ष्म जीवांनाही वर आणते. अशा ठिकाणी पांढरे बेलुगा देवमासेही येतात. मात्र हिमकडा कोसळला की मोठी लाट उठते, म्हणून तेथेही अंतर राखावे लागते.

सर्वांत अधिक कसब वॉलरस या लांब सुळ्यांच्या अवाढव्य सागरी प्राण्याच्या बाबतीत लागते. शतकानुशतकांच्या शिकारीमुळे स्वालबार्डमधून हा प्राणी जवळजवळ नाहीसा झाला होता. 1952 साली त्याला संरक्षण मिळाले आणि त्यानंतर त्याची संख्या हळूहळू सावरली. त्याची नजर फारशी तीक्ष्ण नसते, पण घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून, आपला वास त्याच्याकडे जाणार नाही अशा बाजूनेच बोट न्यावी लागते. किनाऱ्यावर दाटीवाटीने पहुडलेला कळप बिथरून पाण्याकडे धावला, तर पिले चिरडली जाण्याची भीती असते. त्यांच्या विसाव्याच्या जागेपासून 300 मीटरच्या आत बोटीचा वेग 5 नॉटपेक्षा (ताशी सुमारे 9 किलोमीटर) अधिक ठेवता येत नाही. एखाद्या वॉलरसने डोके वर काढले की इंजिन मंद करावे, दोन-तीन डोकी वर आली की थांबावे, आणि कळपात चुळबुळ सुरू झाली की प्रवाशांचे छायाचित्र राहिले तरी परतावे, हा निर्णय नियमपुस्तिका घेऊ शकत नाही. तो वाटाड्यालाच क्षणात घ्यावा लागतो. पाण्यातला वॉलरस सुळ्यांनी रबरी बोट फाडू शकतो, ही गोष्टही वाटाड्याला विसरता येत नाही.

पक्ष्यांच्या कड्यांखालीही हेच तत्त्व लागू होते. हिनलोपेन सामुद्रधुनीतील आल्केफ्येलेटच्या कड्यावर ब्रुनिखचे गिलेमॉट हे समुद्रपक्षी हजारोंच्या संख्येने घरटे न करता उघड्या खडकावर एकेकच अंडे घालतात. मोठ्या आवाजाने ते एकदम उडाले, तर अंडी गडगडतात किंवा इतर समुद्रपक्ष्यांच्या तोंडी पडतात. सुमारे तीन आठवड्यांची पिले उडता येत नसतानाच कड्यावरून झेप घेतात आणि पुढे बाप त्यांना घेऊन समुद्रात जातो. त्या दिवसांत खाली बोट असेल, तर इंजिनापेक्षा कान अधिक चालू ठेवावे लागतात.

प्रश्न : चांगली सहल कशी निवडावी?

उत्तर : अस्वल नक्की दाखवू, असे आश्वासन देणाऱ्याकडे जाऊ नये. एका बोटीत किती प्रवासी असतात, वाटाड्याचे प्रशिक्षण कोठे झाले, आणि तो वाटाड्या बोट परत फिरवू इच्छित असेल तर त्याचा शब्द अंतिम असतो का, हे विचारावे. स्वालबार्डमधील मुख्य वस्ती असलेल्या लाँगयिअरब्येन येथे आर्क्टिक निसर्ग-वाटाड्यांसाठी एक वर्षाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम चालतो. तेथे शिकलेल्या व्यक्ती या कामात आहेत. संरक्षित प्रदेशांत आता ठरवून दिलेल्या 43 ठिकाणीच प्रवाशांना उतरता येते, तेव्हा आपल्या सहलीच्या आराखड्यात त्यांपैकी कोणती ठिकाणे आहेत आणि हवामान बिघडल्यास पर्याय काय, हेही आधीच विचारून घ्यावे.