वाचकांचे प्रश्न : ॲसिडच्या कणावर पाणी पसरत का नाही?

प्रश्न : ताई, मी केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय. प्रोजेक्टसाठी ग्रोमॅक्समध्ये (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) हवेतल्या सूक्ष्म कणांत सापडणाऱ्या सक्सिनिक ॲसिडचा ५ नॅनोमीटरचा कण बनवला, २० नॅनोमीटरच्या बॉक्समध्ये मधोमध ठेवला आणि भोवती वाफ म्हणून पाण्याचे १००० रेणू सोडले. तापमान २५ अंश. १० नॅनोसेकंदांत पाणी कणावर येऊन बसलं पण पसरलंच नाही, एका बाजूला टेंगूळ आल्यासारखं गोळा झालं. सर म्हणतात सक्सिनिक पाण्यात विरघळतं, म्हणजे तुझं फोर्स फील्ड (रेणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात याची सूत्रं) चुकलंय. खरंच चुकलंय का?

उत्तर : फोर्स फील्डला हात लावायच्या आधी वहीवर एक हिशोब कर. २५ अंशाला हवा पूर्ण दमट असली, म्हणजे आर्द्रता १०० टक्के, तरी एका घनमीटरमध्ये साधारण २३ ग्रॅमच वाफ असते. त्याचे रेणू मोजले की तुझ्या ८००० घननॅनोमीटरच्या बॉक्सच्या वाट्याला येतात फक्त सहा. सहा! तू सोडलेस हजार. म्हणजे तुझी हवा दीडशेपटीहून जास्त ओली झाली, आणि खऱ्या ढगात १०० टक्क्यांच्या वर जेमतेम एखादा टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. एवढ्या गर्दीत पाण्याचे रेणू कणापर्यंत पोचायच्या आधी एकमेकांनाच धरतात, हवेतच छोटे थेंब होतात आणि ते थेंब येऊन कणाला चिकटतात. तुझं टेंगूळ बहुतेक तेच आहे. रन परत चालवून पहिला एक नॅनोसेकंद सावकाश बघ, कळेल.

मग करायचं काय, तर एकेक रेणू कणाकडे सोडायचा, शेकडो वेळा, वेगवेगळ्या दिशांनी, आणि किती चिकटले, किती उसळून गेले, किती थोडा वेळ बसून परत उडाले हे मोजायचं. किंवा ठरावीक पाणी आधीच कणावर ठेवून ते कुठे स्थिरावतं ते बघायचं. आर्द्रताच पक्की धरायची असेल तर ग्रँड कॅनॉनिकल मॉन्टे कार्लो वापर, म्हणजे त्या आर्द्रतेनुसार रेणू बॉक्समध्ये घालत-काढत राहायची पद्धत, लॅम्प्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे.

आता सरांचा मुद्दा. कण बनवलास कसा हे तू लिहिलं नाहीस, आणि खरी मेख तिथेच आहे. स्फटिकातून गोळा कापून घेतला असशील तर सक्सिनिकचे रेणू दोन्ही टोकांच्या कार्बॉक्सिल (ॲसिडपणा देणाऱ्या COOH) गटांनी एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, पाण्याला आत शिरायला वावच नसतो. प्रयोगातही सक्सिनिकचा कोरडा कण आर्द्रता ९८-९९ टक्क्यांवर जाईपर्यंत कोरडाच राहतो. रेणू अस्ताव्यस्त भरून, तापवून कण केला असशील तर पाणी बरंच आत जायला हवं. शेजारचं मॅलोनिक घे, एक कार्बन कमी, तर १०० मिली पाण्यात १०० ग्रॅमच्या वर विरघळतं, सक्सिनिक मात्र आठेक ग्रॅम. एक कार्बन जास्त असलेलं ग्लुटारिक परत भरपूर विरघळतं. कार्बनच्या सम-विषम संख्येचा हा खेळ मला फार आवडतो. तू तिन्ही कण करून शेजारी ठेव, प्रोजेक्टला तेवढं पुरेसं आहे.

अजून एक, नेहमीच्या फोर्स फील्डमध्ये बंध तुटत नाहीत, त्यामुळे ॲसिड प्रोटॉन सोडतंय हे तुला कधीच दिसणार नाही. सोडलाय की नाही हे सुरुवातीलाच तू ठरवायचं आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहायचं.

आणि आकार लहान आहे म्हणून खट्टू होऊ नकोस. हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्यासोबत पाण्याचं सिम्युलेशन केलं तेव्हा २१६ रेणू होते, त्यातून केवढं कळलं! फक्त एक लक्षात ठेव, ५ नॅनोमीटरच्या गोळ्यात जवळजवळ निम्मे रेणू पृष्ठभागावर असतात आणि १०० नॅनोमीटरच्या खऱ्या कणात तीनेक टक्के, तेव्हा तुझा आकडा उचलून थेट ढगाला लावू नकोस. रेणू कसे बसतात, कसे वळतात हे मात्र बिनधास्त सांग.

प्रश्न : ही ॲसिडं हवेत येतात कुठून? कारखान्यांतून का?

उत्तर : फक्त तिथून नाही. पाइनच्या झाडांमधून अल्फा-पायनीन नावाची वाफ निघते, ओझोनशी गाठ पडली की तिचं पिनोनिक ॲसिड होतं. लाकूड, पालापाचोळा जाळला, गाड्यांचा धूर झाला, त्यातूनही येतात. दोन कार्बॉक्सिलवाल्यांमध्ये हवेत सगळ्यात जास्त सापडतं ऑक्झॅलिक, ज्याच्या कॅल्शियमच्या क्षारामुळे अळू खाजतं, आणि त्यातलं बरंचसं ढगाच्या थेंबातच तयार होतं. पिनोनिकचं वागणं सिम्युलेशनमध्ये छान दिसतं, ते थेंबाच्या पृष्ठभागावर येऊन बसतं, कार्बॉक्सिल पाण्यात आणि कार्बनचं कडं हवेकडे, त्यामुळे पृष्ठताण कमी होतो आणि कणाचा थेंब व्हायला मदत होते.