मागच्या रांगेतून वाचता येईल असा स्क्रीन

प्रश्न: आमच्या हॉलमध्ये मोठा एलईडी स्क्रीन लावलाय, पण 60 फुटांवरच्या शेवटच्या रांगेतल्या आजी-आजोबांना काहीच वाचता येत नाही. काय करू?

उत्तर: आधी अक्षर मोठं करा. ढोबळ हिशोब असा की दर 10 फुटांना 1 इंच उंची, म्हणजे तुम्हाला निदान 6 इंच पाहिजे, आणि हे नुसत्या मुख्य अक्षराचं हां, वर वेलांटी-मात्रा अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा वेगळी सोडावी लागते, नाहीतर दोन ओळी एकमेकांत घुसतात आणि 'कु' की 'कृ' तेच कळत नाही. फार जाड फॉन्ट नको, 'ष'ची पोकळी भरून जाते. मागे फोटो तर अजिबात ठेवू नका, साधी गडद पार्श्वभूमी न् पांढरी अक्षरं. मजकूर जास्त असेल तर दोन स्लाइड करा, प्लीज फॉन्ट बारीक करू नका.