पाणबुडीचा सुटा भाग आणि दुबईची ऑर्डर

प्रश्न: वाळूज एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. पुण्याच्या एका कंपनीसाठी आम्ही जॉबवर्कवर टायटॅनियमच्या कनेक्टर बॉडी करतो. त्या नौदलाच्या पाणबुडीत बसतात. ड्रॉइंगवर टेस्ट प्रेशर ४५ बार लिहिलंय. आता दुबईचा एक व्यापारी तसेच नग मागतोय. माल पुढे कोणाकडे जाणार ते सांगत नाही, आधी ड्रॉइंग ई-मेल करा म्हणतो. टोकन रक्कम खात्यात आलीय. मी व्हॉट्सॲपवर फक्त दोन फोटो दिलेत. सीएचए, म्हणजे आमचं कस्टमचं काम बघणारा एजंट, म्हणतो, पाइप फिटिंग दाखवून पाठवू. काय करू?

उत्तर: ड्रॉइंग पाठवलं नाहीत हे फार बरं केलंत. आता कितीही तगादा आला तरी पाठवू नका.

निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची 'स्कोमेट' नावाची यादी आपल्याकडे आहे. तिचा सहावा वर्ग लष्करी सामग्रीचा. त्याचा परवाना संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग देतो. त्यातल्या ६ए००९ या नोंदीत पाणबुड्या आहेतच, पण जहाजाच्या कवचातून आरपार जाणारे कनेक्टरही आहेत. लष्करी वापरासाठी खास बनवलेले आणि १०० मीटरहून जास्त खोलीवरही गळती होऊ न देणारे. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. म्हणजे तुमचे ४५ बार साडेचारशे मीटरच्या आसपास जातात.

समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामालाही असे कनेक्टर लागतात, म्हणून नुसत्या खोलीवरून निर्णय होत नाही. मूळ डिझाइन कशासाठी झालं हे पाहिलं जातं. तुमचं ड्रॉइंग नौदलाच्या कामासाठीच निघालेलं आहे, त्यामुळे 'आम्हाला साधा पार्ट वाटला' हा बचाव टिकणार नाही.

ड्रॉइंगचा मुद्दा तर मालापेक्षा मोठा आहे. तंत्रज्ञान परदेशात पुरवणं हीसुद्धा निर्यातच, आणि लष्करी तंत्रज्ञानासाठी ६ए०२२ ही वेगळी नोंद आहे. एकही खोका वर्कशॉपबाहेर न पडता, केवळ एका ई-मेलने नियमभंग होऊ शकतो. शिवाय ते ड्रॉइंग तुमचं नाहीच, पुण्याच्या कंपनीचं आहे. नौदलाचा गोपनीय कागद निघाला, तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदाही समोर उभा राहील.

सीएचएचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. १९८७ मध्ये जपानचं एक प्रकरण उघडकीस आलं. तोशिबा मशीन या कंपनीने सोव्हिएत संघाला पाणबुडी विकली नव्हती. पाणबुडीचे प्रोपेलर कोरू शकणारी मिलिंग मशीन विकली होती, तीही कागदोपत्री साधी मशीन दाखवून. नॉर्वेच्या कोंग्सबर्गने त्यांचे कंट्रोलर पुरवले होते. त्यापायी मूळ तोशिबा कंपनीच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे शिपिंग बिलावर खोटं वर्णन लिहिलं तर कस्टम माल जप्त करू शकतं. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यात २०१० मध्ये अशा वस्तूंसाठी खास प्रकरण घातलं गेलं. शिक्षेसाठी ते सर्वसंहारक शस्त्रांविषयीच्या २००५ च्या कायद्याकडे बोट दाखवतं, आणि त्यात तुरुंगवास आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, गेला तर बाकीची निर्यातही बंद पडेल.

व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका. पुसलंत तर चूक लपवल्यासारखं दिसेल. फोटोत मापं किंवा ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक (कोपऱ्यातली नाव-नंबरची चौकट) दिसतोय का, ते आजच बघा. मग पुण्याच्या कंपनीला सगळं लेखी कळवा. ते रागावतील ही भीती मला समजते. गाड्यांच्या कामावर चालणाऱ्या वाळूजमध्ये संरक्षणाचं काम मिळवायला वर्षं जातात. पण हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं तर ते काम नक्की जाईल. टोकन बँकेमार्फत, ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात परत करा. व्यापाऱ्याने दुसरं खातं दिलं तर नकार द्या.

खरा ग्राहक असेल तर तो अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र देईल, आणि पुण्याच्या कंपनीच्या लेखी संमतीने परवान्याचा अर्ज करता येईल. संभाजीनगरला भेटायला याल तेव्हा जॉबवर्कचा करार, पीओ (खरेदी ऑर्डर) आणि मोबाइल आणा. ड्रॉइंग वर्कशॉपमध्येच कुलपात राहू द्या. ते मलाही दाखवायचा तुम्हाला अधिकार नाही.