‘रोगजंतू आढळले नाहीत’ या अहवालावर थांबू नका

दूध प्यायल्यावर तीन तासांच्या आत घरातल्या चौघांना उलट्या झाल्या, आरोग्य विभागाने दुधाचा नमुना नेला, अहवाल आला ‘रोगजंतू आढळले नाहीत’, मग दूध निर्दोष समजायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: एवढ्यावरून नाही. अन्ननमुने तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि नेमक्या याच वाक्यावर फाइल बंद होताना मी पाहिली आहे. त्याचा मला आजही त्रास होतो.

तुमच्या हकिगतीत सगळ्यात बोलकी आहे ती वेळ. साल्मोनेला या जंतूची लक्षणं दिसायला साधारण सहा तास ते काही दिवस लागतात, लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूला कधी कधी कित्येक आठवडे. दोन-तीन तासांत एकदम उलट्या सुरू झाल्या की पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या विषावर जातो. हा जंतू कासदाह (कासेला संसर्ग होऊन सूज) झालेल्या जनावराच्या दुधातून किंवा हाताळणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून येतो. दूध कोमट अवस्थेत काही तास राहिलं की तो वाढतो आणि विष सोडतो. पुढे पाश्चरीकरणात, म्हणजे ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद, जंतू मरतात. विष मात्र टिकतं, घरी उकळूनही त्याचा भरवसा नाही. त्यामुळे जंतू शोधणारी चाचणी कोरी येते आणि माणसं तरीही आजारी पडतात.

जपानमध्ये २००० साली हेच झालं. ओसाका परिसरात स्नो ब्रँड या दुग्धकंपनीचं कमी स्निग्धांशाचं दूध पिऊन १३ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. सुरुवातीला संशय ओसाकाच्या कारखान्यातल्या एका अस्वच्छ व्हॉल्व्हवर होता. खरं मूळ सापडलं दूर होक्काइदो बेटावरच्या, त्याच कंपनीच्या ताइकी कारखान्यात: मार्चअखेरीला तिथली वीज गेली, दूध काही तास गरम राहिलं, पुढे त्याची भुकटी झाली आणि ती जूनमध्ये ओसाकाला दुधात मिसळली गेली. तपास व्हॉल्व्हपाशीच थांबला असता तर ती भुकटी वापरात राहिली असती.

म्हणून स्थानिक अन्न निरीक्षकाला लेखी विचारा की विषाची वेगळी चाचणी केली का. नमुना तुम्ही प्यायलात त्याच बॅचचा होता, की नंतर दुकानातून उचललेला? (बहुतेक वेळा दुसराच असतो.) फॉस्फेटेज चाचणी ठीक आली असं सांगतील, तिच्यावरून दूध पुरेसं तापवलं गेलं एवढंच कळतं, तापवण्याआधी ते किती वेळ कोमट पडून होतं हे कळत नाही. ते कळतं संकलन केंद्रापासूनच्या तापमान नोंदींवरून, वीज गेल्याच्या वेळांवरून आणि टाक्या धुतल्याच्या नोंदींवरून. निरीक्षकाने या वह्या तपासायलाच हव्यात. त्याच दिवशी त्याच बॅचबद्दल आणखी कोणाची तक्रार होती का, हेही विचारा. चार घरांच्या तक्रारी चार टेबलांवर पडून राहिल्या तर साथ कोणालाच दिसत नाही.

उरलेलं दूध पिशवीसकट फ्रीजमध्ये असेल तर टाकू नका. त्यावर ‘पिऊ नये’ लिहून ठेवा. बॅच क्रमांकाचा फोटो काढा आणि कोण किती वाजता प्यायलं, कोणाला किती वाजता उलटी झाली, हे आजच कागदावर उतरवा. आठवड्याने त्या वेळा कोणालाच नीट आठवणार नाहीत.